कारागिरांचे बंधुत्व आणि बंदुकीची बाजारपेठ

बंदूक हा शब्द उच्चारला की आपल्या चळवळीतील माणसाच्या कपाळावर आठी उमटते. ते स्वाभाविक आहे. सत्याग्रहाचा आणि कामगारांच्या संपाचा वारसा सांगणाऱ्या, गोळीबारात आपली माणसे गमावलेल्या चळवळीला शस्त्राचे कौतुक वाटावे तरी कसे? परंतु शस्त्राविषयीची ही अप्रीती ते घडवणाऱ्या हातांविषयीची अनास्था बनता कामा नये. जगातील बंदूक-कारागीर आणि जुन्या बंदुकांचे शौकीन यांच्यात देशोदेशींच्या सीमा ओलांडणारे एक बंधुत्व गेली अनेक दशके नांदत आहे. त्यात समाजवाद्यांनी घेण्यासारखे काही आहे, आणि त्याच्या मर्यादेतून शिकण्यासारखे तर त्याहून अधिक आहे.

हे बंधुत्व व्यवहारात कसे असते ते आधी पाहू. एखाद्याच्या घरी आजोबांच्या काळची दुनळी बंदूक निघते. तिच्या कुलपातील कमान मोडलेली असते, दस्ता तडकलेला असतो, आणि ती कोणी, कोठे घडवली हे घरात कोणालाच ठाऊक नसते. दुसऱ्या देशातील एक अनोळखी जाणकार त्याला पहिला प्रश्न विचारतो : बंदूक रिकामी आहे याची खात्री केली आहे का? मग तो नळीच्या बुडाशी असलेल्या चाचणीच्या छापा पाहावयास सांगतो. नळी लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून ‘दमास्कस’ पद्धतीने घडवलेली असेल आणि तिची चाचणी केवळ काळ्या दारूची असेल, तर आजच्या धूरविरहित दारूचे काडतूस तीत घालू नका, असे तो बजावतो. काडतुसाचे घर 65 मिलिमीटरचे असेल तर 70 मिलिमीटरचे काडतूस त्यात बसते खरे, पण उडताना त्याचे दुमडलेले तोंड पुरते उलगडण्यास जागा मिळत नाही आणि दाब वाढतो, हेही तोच सांगतो. शेवटी सल्ला असा, की स्वतः कानस हाती घेऊ नका, परवानाधारक कारागिराकडे जा. या सल्ल्याचे शुल्क नाही. त्याने कोणाची बोटे वाचतात, कोणाचा डोळा वाचतो. 1971 पासून तर ठासणीच्या बंदुकांच्या नेमबाजांची एक आंतरराष्ट्रीय समितीच आहे आणि तिच्या स्पर्धांना नाना देशांची माणसे एकत्र येतात.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही घटना क्षुल्लक नाही. ज्ञान ही दिल्याने न घटणारी संपत्ती आहे. बाजारपेठ मात्र तिला कुंपण घालते, कारण दुर्मीळतेवाचून किंमत नाही. येथे नफ्याची आशा नसताना, भाषा आणि राष्ट्र यांची आडकाठी न मानता, एक कारागीर आपली विद्या दुसऱ्याला देतो. माणूस केवळ स्वार्थानेच हलतो असे सांगणाऱ्या पाठ्यपुस्तकाला हे उत्तर आहे, मग ते बंदुकीच्या दुकानातून का आलेले असेना!

या सौजन्याला फार पूर्वीच सार्वजनिक संस्थेचे रूप मिळाले आहे. नळी फुटून मरण्याचा धोका ग्राहकाच्या नशिबावर सोडायचा नाही, या विचारातून लंडनच्या बंदूककारांच्या मंडळाला 1637 साली सनद मिळाली. लीएजमध्ये 1672 साली चाचणीची सक्ती झाली. बर्मिंगहॅमचे चाचणीगृह 1813 साली पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाले. प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार उडवायचा, ती टिकली तर तिच्यावर छाप मारायची, आणि त्या छापेवाचून विक्री करू द्यायची नाही, हे त्याचे साधे तत्त्व. 1914 साली बेल्जियमच्या पुढाकाराने या चाचण्यांचा आंतरराष्ट्रीय आयोग जन्मास आला. सदस्य देश आज एकमेकांच्या छापा मान्य करतात. ज्ञानाचे खासगी औदार्य सार्वजनिक हमीत कसे रूपांतरित होते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडेल.

पण 1914 हे साल समाजवाद्यांना दुसऱ्याही कारणाने विसरता येत नाही. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये जर्मन फौजा लीएजवर चालून गेल्या. नळी फुटू नये यासाठी देश एकत्र आले होते; नळीसमोर उभ्या राहणाऱ्या माणसासाठी कोणी एकत्र आले नाही. कारागिरांना दोष देण्याआधी हेही आठवावे, की त्याच आठवड्यात जर्मन समाजवादी पक्षाने युद्धाच्या कर्जाला संसदेत पाठिंबा दिला होता. बंधुत्व कितीही खरे असो, उत्पादनाचा निर्णय ज्याच्या हाती आहे त्याच्यावर त्या बंधुत्वाची सत्ता नसेल तर आणीबाणीच्या क्षणी ते निरुपयोगी ठरते.

एवढेच नव्हे, तर असे बंधुत्व विकतही घेतले जाते. अमेरिकेतील राष्ट्रीय रायफल संघ 1871 साली स्थापन झाला तो सैनिकांची नेमबाजी सुधारावी म्हणून. शंभर वर्षे तो प्रामुख्याने नेमबाजांचा, शिकाऱ्यांचा आणि शौकिनांचा संघ होता. 1977 साली सिनसिनाटीच्या अधिवेशनात कडव्या गटाने त्याचा ताबा घेतला, आणि तेव्हापासून शस्त्रनियंत्रणाच्या प्रत्येक कायद्याला विरोध करणे हेच त्याचे मुख्य काम झाले. 2005 साली अमेरिकेत असा कायदा झाला की गुन्ह्यात वापरलेल्या शस्त्राबद्दल त्याच्या उत्पादकावर दावा लावणे जवळजवळ अशक्य व्हावे. लाखो साध्या माणसांचा छंद, त्यांचा एकमेकांवरील विश्वास, त्यांची वर्गणी हे सारे भांडवल म्हणून कारखानदारांच्या कामी आले. ज्या माणसाने शेजाऱ्याला ‘बंदूक आधी रिकामी करा’ असे शिकवले, त्याच्याच नावाने बाजार मोकळा करण्यात आला.

जर्मनीतील ओबर्नडोर्फ या लहानशा गावाची कथा याहून बोलकी आहे. तेथील माउझर कारखाना दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रेंचांनी मोडून काढला. त्यातून बाहेर पडलेल्या तंत्रज्ञांनी 1949 साली दोन वेगळे उद्योग उभारले. एकाचे नाव फाइनवेर्कबाउ. तो पुढे हवेच्या रायफलींसाठी नावाजला आणि आज जगभरच्या स्पर्धांत नेमबाज त्याची शस्त्रे वापरतात. दुसरा हेकलर उंड कोख. त्याने आरंभी यंत्रे व सुटे भाग बनवले आणि पुढे लष्करी रायफलींकडे मोर्चा वळवला. या दुसऱ्या कंपनीच्या रायफली खोट्या हमीपत्रांच्या आधारे मेक्सिकोच्या अशांत प्रांतांत पोचल्या. याबद्दल 2019 साली श्टुटगार्टच्या न्यायालयाने दोन माजी कर्मचाऱ्यांना दोषी ठरवले आणि कंपनीकडून 37 लाख युरो वसूल करण्याचा आदेश दिला. गाव एक, विद्या एक. फरक पडला तो माल कोणासाठी करायचा या निर्णयाने, आणि तो निर्णय कामगाराच्या बाकड्यावर झाला नव्हता.

मग असा निर्णय कामगाराच्या बाकड्यावर कधी झाला आहे काय? झाला आहे. स्पेनच्या बास्क प्रांतातील एइबार हे शतकानुशतके बंदुका घडवणारे गाव. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्याने तेथून प्रचंड संख्येने पिस्तुले घेतली. युद्ध संपताच मागणी कोसळली आणि गाव बेकार झाले. तेथील समाजवादी कामगारांनी 1920 साली ‘अल्फा’ ही सहकारी संस्था काढली. तिची धुरा तोरिबिओ एचेवार्रिया या समाजवादी कार्यकर्त्याने वाहिली. संस्था निघाली ती बंदुका बनवण्यासाठीच. पण काही वर्षांतच सभासदांनी शिलाईयंत्रे बनवण्यास घेतली, कारण बंदुकीचा चाप आणि शिलाईयंत्राचा दट्ट्या यांना लागणारा काटेकोरपणा एकाच जातीचा आहे. त्याच गावच्या ओर्बेआसारख्या जुन्या बंदूककारांनी नळ्यांच्या अनुभवावर सायकली बनवल्या. 1913 पासून चालू असलेल्या तेथील बंदूककाम-शाळेने पुढे साऱ्या प्रदेशाला यंत्रकारागीर पुरवले. 14 एप्रिल 1931 रोजी स्पेनमध्ये सर्वांत आधी प्रजासत्ताकाचा झेंडा फडकला तो याच गावात.

या कथेला आम्ही सोनेरी मुलामा देऊ इच्छित नाही. एइबारचे मन बदलले ते मंदीमुळे. गावात पिस्तुलांचे कारखाने पुढेही दीर्घकाळ चालले, शेवटचे काही नामांकित कारखाने 1997 साली बंद पडले. यादवी युद्धात गाव उद्ध्वस्त झाले, अल्फाचे सहकारी स्वरूप टिकले नाही, आणि एचेवार्रियांचा अंत व्हेनेझुएलातील निर्वासित जीवनात झाला. पण ओर्बेआ 1969 पासून कामगारांच्या मालकीची सहकारी संस्था आहे आणि आजही सायकली बनवते. मंदी साऱ्यांवर येते. ती आली असता कारखाना कुलूपबंद करायचा की दुसरे उपयुक्त काम शोधायचे, हे मालकी कोणाची यावर ठरते. अल्फाच्या सभासदांपाशी विद्या होती आणि निर्णयाचा अधिकारही होता.

आता आपल्या देशाकडे वळू. बंगालचा नवाब मीर कासिम याने 1760 नंतरच्या काळात मुंगेरला राजधानी हलवली आणि तेथे शस्त्रशाळा उभी केली. 1764 साली बक्सारला तो हरला, पण कारागिरांची घराणी मुंगेरला राहिली. तेथे परवानाधारक कारखाने आजही आहेत; मात्र त्यांना ठरावीक कोट्यात साध्या काडतुशी बंदुका बनवण्यापलीकडे फारसा वाव मिळाला नाही, कामगारांची संख्या रोडावली, आणि बेकार हातांना चोरट्या धंद्याने काम दिले. सातपुड्याच्या पायथ्याशी, खरगोन व बडवानी जिल्ह्यांत, शिकलगार समाजाच्या काही वस्त्यांची गोष्ट हीच. तेथून निघालेला गावठी कट्टा जळगावमार्गे पुण्या-मुंबईपर्यंत येतो. बातमीत पोलिसांच्या टेबलावर मांडलेले कट्टे दिसतात. ते घडवणारा हात कोणत्या शाळेत जाऊ शकला नाही, हे दिसत नाही.

कायद्याने या प्रश्नाला दिलेले उत्तर एकाच प्रकारचे आहे. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्र बनवणेच काय, दुरुस्त करणे आणि चाचणी करणे यांसही परवाना लागतो. ते योग्यच आहे. 2019 च्या दुरुस्तीने बेकायदा उत्पादनाची किमान शिक्षा 3 वर्षांवरून 7 वर्षांवर नेली आणि कमाल जन्मठेप केली. त्यानंतर कारागिराला पर्याय काय दिला? काहीही नाही. याच काळात खासगी भांडवलाला मात्र दारे सताड उघडली. ग्वाल्हेरजवळ इस्रायली कंपनीच्या भागीदारीतील अदानींचा शस्त्रनिर्मितीचा कारखाना चालतो, कानपूरला त्यांच्याच दारूगोळा संकुलाचे 2024 साली उद्घाटन झाले, आणि सरकारी आयुध कारखान्यांच्या मंडळाचे 2021 साली सात कंपन्यांत विभाजन झाले, तेही कामगार संघटनांचा विरोध डावलून. शस्त्र घडवण्याची विद्या गरिबाच्या हाती असली की गुन्हा आणि धनिकाच्या हाती असली की आत्मनिर्भरता, असा हा न्याय आहे.

कार्यकर्त्यांनी यावर काय करावे? कट्टा बनवणाऱ्याची पाठराखण आम्ही सुचवत नाही. त्या कट्ट्याने मरतो तोही बहुधा गरीबच असतो. आमच्या मागण्या तीन आहेत. मुंगेरच्या आणि सातपुड्यातील पिढीजात कारागिरांसाठी सरकारने यंत्रकामाच्या शाळा आणि सहकारी कार्यशाळा काढाव्यात, त्यांच्या हस्तकौशल्याला प्रमाणपत्र द्यावे, आणि पंपांचे, सायकलींचे, शल्यक्रियेच्या हत्यारांचे सुटे भाग त्यांच्याकडून घ्यावेत. कोकणात रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी शेतकऱ्यांकडे परवान्याच्या ठासणीच्या बंदुका आहेत. त्यांची सुरक्षा-तपासणी तालुक्याच्या गावी मोफत व्हावी, म्हणजे झिजलेली नळी फुटून कोणी जायबंदी होणार नाही. आणि देशातील शस्त्रनिर्मिती, मग ती सरकारी असो वा खासगी, संसदेच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली यावी. कोणत्या देशाला काय विकले हे दरवर्षी जनतेसमोर मांडले जावे.

कारागिराने कारागिराला निःशुल्क विद्या द्यावी, ही वृत्ती आपण जपली पाहिजे. ती बंदुकीपुरती राहू नये आणि बाजारपेठेच्या दावणीला बांधली जाऊ नये, हे पाहणे मात्र त्या शौकिनांच्या शक्तीबाहेरचे आहे. ते काम संघटनेचे, कायद्याचे आणि सहकाराचे, म्हणजेच आपले आहे. खानदेशातील आणि कोकणातील साथींनी आपापल्या तालुक्यात अशा कारागिरांची, परवानाधारकांची आणि बेकार तरुणांची भेट घेऊन या मागण्यांना आरंभ करावा.