एकपात्री प्रयोग : सोंग की साक्ष?

मराठी नाट्यसमीक्षेने एकपात्री प्रयोगाला फारसे गंभीरपणे घेतलेले नाही. नाटक हे मुख्य, एकांकिका हे त्याचे धाकटे भावंड आणि एकपात्री म्हणजे फावल्या वेळेची करमणूक, अशी एक अलिखित उतरंड आपण मान्य करून टाकली आहे. एकपात्रीवर लिहिण्याची वेळ आलीच तर समीक्षक दोन गोष्टी मोजतो : नटाने किती पात्रे उभी केली आणि प्रेक्षागृह किती वेळा हसले. विद्यापीठीय युवक महोत्सवांत ‘नक्कल’ ही स्वतंत्र स्पर्धाच असते आणि एकट्याने रंगमंचावर उभे राहण्याची आपल्या विद्यार्थ्यांची कल्पना बहुधा तिथेच घडते व तिथेच संपते. ही मोजपट्टी अपुरी आहे एवढे म्हणून भागणार नाही. ती चुकीची आहे, आणि तिच्यामुळे आजच्या जगातील एका महत्त्वाच्या नाट्यानुभवापुढे आपण निरक्षर ठरतो, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे आहे.

हा नाट्यानुभव म्हणजे पॅलेस्टिनी एकपात्री प्रयोग. आणि त्यातही लष्करी ताब्याखालचे जगणे खेळाडूच्या शरीरातून मांडू पाहणारा प्रयोग. पॅलेस्टिनी रंगभूमीवर एकपात्रीची परंपरा भक्कम आहे. एमिल हबिबी यांच्या १९७४च्या ‘अल्-मुतशाइल’ या कादंबरीवरून मोहम्मद बकरी यांनी १९८६पासून एकट्याने प्रयोग केले. इस्रायलमध्येच राहिलेल्या, आशावादी की निराशावादी हे स्वतःलाही न उमगलेल्या एका पॅलेस्टिनी माणसाची ती विनोदी आणि विषण्ण कहाणी आहे. रईदा ताहा यांनी २०१५मध्ये आपल्या वडिलांविषयी एकपात्री नाटक केले. वडील १९७२च्या विमान-अपहरणातील एक अपहरणकर्ते होते व त्या कारवाईत मारले गेले. मुलीचे नाटक मात्र मागे उरलेल्या स्त्रियांचे आणि मृतदेह परत मिळवण्यासाठी आत्याने केलेल्या धडपडीचे आहे. या दोन्ही उदाहरणांत नटाचे कौशल्य वादातीत आहे. पण ‘किती पात्रे?’ हा आपला लाडका प्रश्न तेथे लागूच पडत नाही. तेथे विचारावा लागतो तो वेगळाच प्रश्न : बाकीची माणसे कोठे आहेत?

हा प्रश्न खेळाच्या संदर्भात सर्वाधिक टोकदार होतो. फुटबॉल हा अकरा जणांचा खेळ. त्याचा एकपात्री प्रयोग ही वरवर पाहता विसंगती वाटते. परंतु ताब्याखालच्या प्रदेशात ही विसंगती वास्तवाचीच आहे. २०१९मध्ये पॅलेस्टाईन चषकाच्या अंतिम लढतीसाठी गाझातील खदमात रफाह हा संघ वेस्ट बँकेतील बलाता संघाशी खेळण्यास निघणार होता. इस्रायलने संघातील बहुतेकांना प्रवासाचे परवाने नाकारले आणि सामना ठरल्या वेळी होऊ शकला नाही. महमूद सरसक हा गाझातील फुटबॉलपटू २००९मध्ये वेस्ट बँकेतील संघाकडे जाताना अडवला गेला; खटल्याविना तीन वर्षे कैदेत राहिला; प्रदीर्घ उपोषणानंतर जुलै २०१२मध्ये सुटला. ‘फिफा’ने पॅलेस्टाईनला १९९८मध्ये सदस्यत्व दिले, पण स्वतःच्या भूमीवरचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना त्या संघाला जॉर्डनविरुद्ध खेळता आला तो २००८मध्ये, अल्-राम येथे. म्हणजे संघ आहे, पण एकत्र येऊ शकत नाही. ध्वज आहे, पण मैदान परक्या देशात आहे. अशा संघाची गोष्ट रंगमंचावर एकच नट सांगतो तेव्हा रिकामी जागा ही निर्मितीखर्च वाचवण्याची युक्ती नसते. इतर दहा जण नाक्यावर थांबलेले असतात. त्यांची गैरहजेरी हेच त्या प्रयोगाचे दुसरे पात्र असते. रूपबंध आणि आशय यांचे याहून घट्ट नाते क्वचितच आढळेल.

आता आपल्याकडचे सर्वपरिचित उदाहरण घेऊ. लक्ष्मण देशपांडे यांचे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हे मराठवाड्याचे लेणे आहे. १९७९पासून त्यांनी एकट्याने बावन्न पात्रे रंगवली, मराठवाडी बोलीला राज्यभरच्या आणि परदेशातल्या रंगमंचावर मानाने बसवले, आणि त्याची नोंद ‘गिनीज’च्या पुस्तकातही झाली. या कर्तृत्वाला उणे लेखण्याचा येथे हेतू नाही. पण त्या प्रयोगाची जातकुळी ओळखली पाहिजे. तीही प्रवासाचीच कथा आहे. खेड्यातले वऱ्हाड विमानाने लंडनला जाते, वाटेत भाषेची, रीतीरिवाजांची, विमानाची धांदल उडते, आपण हसतो. का हसू शकतो? कारण वऱ्हाड शेवटी पोचणार आहे याची खात्री लेखकाला, नटाला आणि प्रेक्षकाला पहिल्यापासून असते. सीमा ही तेथे विनोदाची जागा आहे. जेथे सीमा उघडेलच याची शाश्वती नाही, तेथे एका शरीरात बावन्न माणसे नाचवणे शक्य असले तरी अर्थपूर्ण होईलच असे नाही. बकरींच्या प्रयोगातही प्रेक्षक हसत; तेव्हा हास्य आणि वेदना यांची वाटणी करण्याचा हा मुद्दा नव्हे. मुद्दा आहे तो नटाचे गैरहजर माणसांशी कोणते नाते आहे याचा.

या नात्यावरून एकपात्रीचे दोन प्रकार करता येतात. पहिल्याला ‘सोंग’ म्हणू. हा शब्द कमीपणाचा नाही. पैठणच्या एकनाथांनी भारुडांत जोशी, वासुदेव, आंधळा, बहिरा अशी कितीतरी सोंगे घेतली आणि ‘जोहार’मधून गावकुसाबाहेरच्या माणसाचा आवाज मध्यभागी आणला. सोंगात नट अनेकांना आपल्यात घेतो आणि मोठा होतो. दुसऱ्या प्रकाराला ‘साक्ष’ म्हणू. साक्षीत नट गैरहजर माणसाच्या वतीने उत्तरदायी होऊन उभा राहतो आणि त्याचे एकटेपण झाकत नाही. सुषमा देशपांडे यांचे १९८९पासूनचे ‘व्हय, मी सावित्रीबाई’ हे मराठीतील या दुसऱ्या प्रकाराचे ठळक उदाहरण. एक बाई समोर उभी राहून बोलते, एवढ्या भांडवलावर तो प्रयोग गावोगाव गेला. तेव्हा साक्षीची परंपरा मराठीत नाही असे नाही. तिला मोजण्याची भाषा आपल्या समीक्षेने घडवली नाही, ही खरी उणीव आहे.

अशा प्रयोगाविषयी आपल्याकडे तीन आक्षेप हमखास घेतले जातात. पहिला, हा प्रचार आहे, कला नव्हे. हा आक्षेप आपल्या ओळखीचा आहे. ‘बलुतं’ १९७८मध्ये आले आणि त्यापाठोपाठ दलित स्वकथनांची रांग लागली, तेव्हाही हेच म्हटले गेले : हा समाजशास्त्राचा कच्चा माल आहे, साहित्य नव्हे. पुढे त्याच स्वकथनांनी मराठी गद्याची घडण बदलली, आणि आक्षेप घेणारेच ती पुस्तके अभ्यासक्रमात शिकवू लागले. ‘शुद्ध’ कलेची मागणी बहुधा अशा वेळीच होते, जेव्हा तपशील गैरसोयीचा असतो. ऑगस्ट २०२५मध्ये ‘पॅलेस्टाईनचा पेले’ म्हणून ओळखला जाणारा सुलेमान अल्-ओबैद मारला गेला. दक्षिण गाझात मदतीच्या प्रतीक्षेत असताना इस्रायली हल्ल्यात त्याचा मृत्यू झाला, असे पॅलेस्टाईन फुटबॉल संघटनेने सांगितले. युरोपीय फुटबॉलच्या सर्वोच्च संस्थेने त्याला श्रद्धांजली वाहिली, पण तो कसा गेला याविषयी एक शब्द काढला नाही. तेव्हा मोहम्मद सालाह या खेळाडूने जाहीरपणे विचारले की तो कसा, कोठे आणि का मेला तेही सांगाल का. श्रद्धांजली निर्दोष होती, सुबक होती आणि पोकळ होती. सालाहचा प्रश्न तिला आशय देणारा होता. यातला प्रचार कोणता आणि सत्याची मागणी कोणती, हे समीक्षकाने ठरवावे.

दुसरा आक्षेप दूरत्वाचा. पॅलेस्टाईन कोठे आणि अर्धापूर कोठे? आपल्या केळीच्या बागांना भाव नाही, पोरांना नोकऱ्या नाहीत, आणि हे कसले दूरदेशीचे दुःख उसने आणायचे? या आक्षेपात तथ्याचा अंश आहे. दूरच्या दुःखावर अश्रू ढाळणे जवळच्या दुःखापेक्षा स्वस्त पडते, हे खरे. म्हणूनच साम्याच्या सोप्या वाटेने जाऊ नये. निजामाच्या राजवटीत सभेला परवानगी मागायला लावणारी गश्ती क्रमांक ५३ होती. एका माणसाने चार माणसांपुढे उभे राहून बोलणे हीच सरकारला धास्ती वाटे. ही आठवण मराठवाड्याच्या प्रेक्षकाला एकट्या वक्त्याचे मोल समजायला मदत करील. पण म्हणून पॅलेस्टाईन म्हणजे दुसरे हैदराबाद संस्थान ठरत नाही. आपली कहाणी १७ सप्टेंबर १९४८ रोजी एका टप्प्यावर पोचली. त्यांच्या कहाणीला १९४८ हे वर्ष विस्थापनाचा आरंभ म्हणून ठाऊक आहे. एकच साल दोन भूभागांत उलट अर्थाने कोरले गेले आहे. फरक पुसून टाकणारी सहानुभूती ही सहानुभूती नसते. फरक नीट दिसला की आपल्या साध्या वाटणाऱ्या गोष्टी वेगळ्या दिसू लागतात. अर्धापूरहून नांदेडला जाऊन परत आलो की अंतर मॅरेथॉनच्या जवळपास जाते आणि वाटेत कोणी कागद मागत नाही. बेथलेहेममध्ये २०१३पासून मॅरेथॉन होते. तेथे सलग बेचाळीस किलोमीटरचा मोकळा रस्ता मिळत नाही, म्हणून धावपटू त्याच मार्गावर पुन्हा फेऱ्या मारतात. गाझातील ऑलिंपिक धावपटू नादेर अल्-मसरी याला २०१४मध्ये त्या शर्यतीसाठी जाण्याचा परवाना मिळाला नाही; इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयानेही त्याची याचिका फेटाळली. रंगमंचावर जागच्या जागी धावणारा नट आपल्याकडे मूकाभिनयाचा सराव वाटतो. त्या संदर्भात तो नकाशाचे अचूक वाचन असते.

तिसरा आक्षेप खेळाचा. युद्ध, उपासमार, मृत्यू हे विषय असताना खेळासारखा किरकोळ विषय कशाला? हा आक्षेप घेणाऱ्यांनी आपलेच एक दुर्लक्षित पुस्तक उघडून पाहावे. पळवणकर विठ्ठल यांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र १९४८मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचे थोरले बंधू बाळू हे त्या काळचे अव्वल डावखुरे गोलंदाज. चांभार समाजात जन्मलेल्या बाळूंनी १९११च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. पुण्यात मात्र मैदानावर सहकारी असलेले सवर्ण खेळाडू त्यांना चहाच्या वेळी बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा देत. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी रीतसर मिळाले नाही. ते विठ्ठल यांच्याकडे आले १९२३मध्ये. चेंडू हाताळताना न होणारा विटाळ कपबशीला होत होता, ही एक बाब जातिव्यवस्थेविषयी कित्येक प्रबंधांहून अधिक सांगते. खेळात शरीर उघड्यावर असते, म्हणून सत्तेचे नियमही तेथे उघडे पडतात. १९९६मध्ये अटलांटा येथे पॅलेस्टाईनचा पहिला ऑलिंपिकपटू माजेद अबू मराहील दहा हजार मीटर धावला. जून २०२४मध्ये गाझातील नुसैरात छावणीत मूत्रपिंडाच्या विकाराने, युद्धात पुरेसे उपचार न मिळता, तो वारला. या दोन तारखांमधले आयुष्य किरकोळ कसे म्हणावे?

तरीही साक्ष पवित्र मानून तिच्यापुढे हात जोडणे हे समीक्षकाचे काम नव्हे. साक्षीची उलटतपासणी झालीच पाहिजे. १९७२मध्ये म्युनिकच्या ऑलिंपिकमध्ये ‘ब्लॅक सप्टेंबर’ या पॅलेस्टिनी सशस्त्र गटाने अकरा इस्रायली खेळाडू व प्रशिक्षकांचा बळी घेतला. ७ ऑक्टोबर २०२३चा हमासचा हल्ला आणि त्यातील नागरिकांची हत्या हीही वस्तुस्थिती आहे. खेळ आणि पॅलेस्टाईन हे दोन शब्द एकत्र उच्चारणारा जो प्रयोग म्युनिकचे नावही घेणार नाही, त्याला अपुरेपणाचा दोष द्यावाच लागेल. परंतु हा दोष देण्याचा अधिकार त्यालाच आहे, ज्याने आधी साक्ष ऐकून घेतली आहे. प्रयोग न पाहता, खेळाडूचे नाव न विचारता, म्युनिकचा हवाला देऊन दार लावून घेणे ही चिकित्सा नव्हे. ती सुटका आहे. रईदा ताहांच्या नाटकाचे मोल येथे कळते. ज्या बापाच्या कृत्याचे समर्थन सोपे होते आणि निषेधही सोपा होता, त्याच्या मुलीने दोन्ही सोपे मार्ग टाळून घरातल्या बायकांचा जाब मांडला.

आपल्या समीक्षेकडून अपेक्षा एवढीच आहे की तिने एकपात्रीकडे पाहताना मोजदाद थांबवावी आणि प्रश्न बदलावेत. नट एकटा का आहे? त्याने निवड केली म्हणून, की बाकीच्यांना येऊ दिले गेले नाही म्हणून? ज्याच्या वतीने तो बोलतो त्याला हा प्रयोग पाहता येईल काय? प्रेक्षक म्हणून आपण टाळ्या वाजवतो तेव्हा दाद कौशल्याला देतो की वस्तुस्थिती विसरायला? हे प्रश्न पॅलेस्टिनी खेळाडूसाठी जितके खरे आहेत तितकेच पळवणकर बंधूंसाठीही आहेत, आणि उद्या एखादी ऊसतोड कामगाराची मुलगी खो-खोच्या मैदानावरून थेट रंगमंचावर येऊन बोलू लागली तर तिच्यासाठीही राहतील. त्या दिवशी परीक्षकाच्या कागदावर ‘आवाजातील चढउतार’ आणि ‘पात्रांची संख्या’ एवढेच रकाने असतील, तर तिला गुण कमी पडतील. तो रकाना आजच बदलायला घ्यावा. हे काम नटांचे नसून आपले, समीक्षकांचे आणि अध्यापकांचे आहे.