धावेवरची अक्षरे

बैलगाडीच्या चाकावर लोखंडाची जी पट्टी चढवलेली असते तिला आपल्याकडे 'धाव' म्हणतात. हा शब्द वर्गात विचारला तर हल्ली साठांतले दोघे-तिघे हात वर करतात, आणि तेही बहुधा खेड्यातून आलेले. लोहार ती धाव लालबुंद होईपर्यंत तापवी, चौघे मिळून ती लाकडी चाकावर ठोकून बसवीत आणि वरून घागरी ओतीत. लोखंड आकसे आणि चाकाला करकचून आवळून धरी. इंग्रजांचा 'टायर' हा शब्दही मूळचा याच पट्टीचा. 'अटायर' म्हणजे पोशाख, त्याचे हे आखूड रूप, असे कोशकार सांगतात. त्यांनी चाकाला कपडे घातले, आपण त्याच्या धावण्यालाच नाव दिले. मला आपला शब्द अधिक आवडतो. यात पक्षपात असेल तर असो!

दर दिवाळीला या पानावर शब्दांचा काथ्याकूट करणारा मास्तर यंदा मोटारीच्या टायरकडे का वळला, असे काही वाचकांच्या मनात येईल. पण वाचकहो, टायर ही वाचायची वस्तू आहे. घरासमोर उभ्या असलेल्या कोणत्याही मोटारीपाशी उकिडवे बसून पाहा. टायरच्या कुशीवर एवढा मजकूर असतो की मुद्रितशोधकाची बोटे शिवशिवावीत. आणि एके काळी तर टायरची नक्षीच अक्षरांची होती. 1908 साली अमेरिकेत हार्वे फायरस्टोन यांच्या कारखान्याने जो न घसरणारा टायर काढला, त्याच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावर 'फायरस्टोन' आणि 'नॉन-स्किड' हेच शब्द तिरपे कोरलेले होते. धुळीच्या रस्त्यावरून मोटार गेली की मागे मैलोगणती जाहिरात छापली जाई! त्याआधी चारच वर्षे, 1904 मध्ये, जर्मनीच्या काँटिनेंटल कंपनीने मोटारीसाठी पहिला नक्षीदार टायर आणला होता. त्यापूर्वीचे टायर तुळतुळीत असत.

आता या नक्षीचे काम काय? 'पकड यावी म्हणून' असे कोणीही सांगेल, आणि ते उत्तर अर्धेच बरोबर आहे. कोरड्या, स्वच्छ डांबरावर सर्वांत चांगली पकड गुळगुळीत टायरचीच. शर्यतीच्या मोटारी कोरड्या दिवशी तेच वापरतात. आपल्या रोजच्या टायरवरच्या खाचा असतात त्या मुख्यतः पाण्यासाठी. चाकाचा रस्त्याला टेकणारा भाग साधारण तळहाताएवढा. समजा, रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी साचले आहे, टायर 185 मिलिमीटर रुंद आहे आणि मोटार ताशी 80 किलोमीटरने चालली आहे. म्हणजे सेकंदाला 22 मीटर. गुणाकार केलात तर त्या एका चाकाला दर सेकंदाला बारा लिटर पाणी, म्हणजे आंघोळीची एक बादली, वाटेतून दूर करावी लागते. ती बादली खाचांतून बाहेर गेली नाही, तर चाक पाण्यावर चढते आणि मोटारीची होडी होते. मग स्टिअरिंग फिरवा नाहीतर ब्रेक दाबा, चाकाला रस्ता लागतच नाही.

ही बादली बाहेर फेकण्याच्या तीन तऱ्हा आहेत, म्हणजेच नक्षीच्या तीन जाती.

पहिली सरळमार्गी, दोन्ही बाजू सारख्या. ही कशीही बसवा, कोणत्याही चाकावर लावा, तक्रार नाही. साध्या घरगुती मोटारींना पुष्कळदा हीच असते. ती टिकाऊ आणि आवाजाला कमी. हिच्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही, आणि हाच तिचा गुण.

दुसरी दिशेची. हिच्या खाचा मधून निघून दोन्ही कडांकडे बैलाच्या शिंगांसारख्या फाकलेल्या असतात. चाक पुढे फिरताना खाचांचे टोक आधी टेकते आणि नांगराच्या फाळाने माती दुतर्फा सारावी तसे पाणी दोन्ही कडांना फेकले जाते. पण टायर उलटा चढवला, तर हीच शिंगे पाणी बाहेर काढण्याऐवजी मधोमध गोळा करू लागतात. म्हणून याच्या कुशीवर 'रोटेशन' असा शब्द आणि बाण असतो. मोटार पुढे जाताना चाक बाणाच्या दिशेने फिरले पाहिजे. हे टायर आलटूनपालटून लावायचे झाल्यास त्याच बाजूचे पुढचे मागे, मागचे पुढे. डाव्याचे उजवीकडे नेता येत नाही.

तिसरी आत-बाहेरची. हिची बाहेरची कड जाड, भरीव ठोकळ्यांची, कारण वळणावर सारा भार तिच्यावर येतो; आतल्या बाजूला पाण्यासाठी खाचा अधिक. हिच्यावर 'आउटसाइड' आणि 'इनसाइड' असे लिहिलेले असते. 'आउटसाइड' बाहेर दिसले की झाले. मग चाक डावे असो की उजवे.

दुसरी आणि तिसरी यांतला घोटाळा किती सहज होतो हे यंदाच आमच्या घरी दिसले. चिपळूणला सौ.चे माहेर. दिवाळीला कराडमार्गे कुंभार्ली घाट उतरून जायचे, मोटार सौ. चालवणार, मागे आमची आई आणि दोन्ही मुले. ऑक्टोबरातला परतीचा पाऊस घाटात कसा कोसळतो हे तिकडच्या माणसाला सांगायला नको. दोन टायर झिजलेले म्हणून दुकानातून दोन नवे, बाणवाले, घातले. मोटार अंगणात लागली आणि सवयीने मी वाचायला बसलो. उजवीकडचा बाण पुढे. डावीकडचा मागे! मुलाने दोन्ही टायर रिमवर एकाच तोंडाने चढवले होते. आत-बाहेरच्या जातीला ती पद्धत अगदी बरोबर. दिशेच्या जातीला मात्र त्यातला एक टायर हमखास उलटा जातो.

परत गेलो. मालक म्हणाले, "सर, चालतं हो. टायर गोलच असतो ना!"

सौ. म्हणाली, "गोल आहे, पण बाण कशाला काढलाय मग? शोभेला?"

मालकांनी बाणाकडे पाहिले, मग मुलाकडे पाहिले, आणि चहा मागवला. टायर रिममधून काढून, उलटवून, पुन्हा चढवून, पुन्हा बॅलन्सिंग करायला अर्धा तास लागला. कोरड्या रस्त्यावर कदाचित काही झालेही नसते, हे मालकांचे म्हणणे मी खोटे ठरवणार नाही. पण मागच्या बाकावर आई आणि मुले असताना 'कदाचित' या अव्ययावर माझा विश्वास बसत नाही.

मग दुसरा वाद निघाला. मालकांनी नवे टायर पुढे घातले होते; इंजिन पुढची चाके ओढते, तेव्हा चांगली पुढेच हवीत, असा त्यांचा हिशेब. हिशेब पटण्यासारखा आहे, पण टायर कंपन्या उलटे सांगतात: दोनच नवे असतील तर ते मागे. पुढची चाके पाण्यावर घसरली तर मोटार वळायचे नाकारून सरळ जाऊ पाहते. ते चालवणाऱ्याला कळते, तो पाय सैल सोडतो, वेग उतरतो, पकड पुन्हा येते. मागची घसरली तर मोटार भोवऱ्यासारखी फिरते, आणि तेव्हा सावरणे कसलेल्या चालकालाही कठीण जाते. आम्ही नवे मागे घेतले. एकाच आसावर दोन जातींची नक्षी मात्र कधीही नको.

टायरवर वाचण्यासारखे आणखी दोन मजकूर. एक चार आकड्यांचा: 3523 असेल तर 2023 सालचा पस्तिसावा आठवडा, ही टायरची जन्मतारीख. रबर नुसते पडूनही म्हातारे होते, तेव्हा नवा म्हणून घेतलेला टायर किती दिवस फळीवर होता ते यावरून कळते. दुसरा मजकूर खाचांच्या तळाशी असतो. तिथे रबराचे बारीक उंचवटे असतात, 1.6 मिलिमीटर उंचीचे. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर बाद. कायद्याची मर्यादाही तीच. पण तीन मिलिमीटर पाण्याला दीड मिलिमीटरची खाच पुरेल का, ते पावसाळ्यापूर्वीच मनाशी ठरवावे. नव्या टायरवर पिवळा ठिपका दिसतो तो दृष्ट लागू नये म्हणून नव्हे. टायरची ती सर्वांत हलकी जागा. ती हवा भरायच्या वॉल्व्हपाशी आणली की वजन जुळवायला सोपे जाते.

राहिली स्टेपनी. वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावर 1904 च्या सुमारास जादा चाके बनू लागली, त्या रस्त्याचे हे नाव. इंग्रजांच्या बोलण्यातून ते गेले; आपल्या पंक्चरवाल्याने जपले, आणि ब्राझीलमध्ये ते 'इस्तेपी' होऊन राहिले आहे. बाणवाल्या टायरची स्टेपनी अर्थात एकाच बाजूची असते. अडल्या वेळी दुसरीकडे लावावी, पण पंक्चर काढेपर्यंतच, आणि पावसात अगदी हळू. काही मोटारींना बारीक चाकाची स्टेपनी देतात. तिच्यावरच ताशी 80 ची मर्यादा छापलेली असते. घाटात तीही जास्तच.

चाक बदलताना जमीन सपाट पाहावी, हातब्रेक ओढावा, मोटार गिअरमध्ये ठेवावी आणि समोरच्या चाकाला दगड लावावा. नट आधी जमिनीवरच पाऊण वळसा सैल करावेत. जॅकवर उचललेल्या मोटारीचे घट्ट नट पान्याने ओढू लागलात तर मोटारच जॅकवरून घसरायची. काढलेले चाक मोटारीखाली आडवे सरकवावे. जॅक दगा देईल तेव्हा तेच अंगावर घेते. नवे चाक लावताना एका नटाशेजारचा नट न आवळता समोरासमोरचे आवळावेत, आधी हाताने, मग पान्याने, आणि शेवटचा जोर मोटार खाली उतरवल्यावर. पान्यावर उभे राहून नाचण्याची पद्धत आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. तिने नटाचे आटे जातात. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट एकदा पुन्हा तपासावेत. आमचा हिशेब त्यामुळे सोपा झाला. पाटणला चहाला थांबायचेच होते. तिथे किटली उकळेपर्यंत पाना हातात घ्यायचा, आणि मग घाट.