ताट नव्हे, नाक!

बर्ड फ्लूची बातमी आली की चिकनच्या दुकानात हमखास दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतात, "आता महिनाभर चिकन बंद." दुसरे म्हणतात, "आपण चांगलं शिजवून खातो हो, आपल्याला काय होतंय!"

शिजवण्यापुरते दुसरे बरोबर आहेत. ७० अंशांवर आतपर्यंत शिजलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही. पण माझं भांडण दोघांशीही आहे. दोघांचं लक्ष ताटावर, आणि विषाणू माणसात शिरतो तो मुख्यतः श्वासावाटे!

फ्लूच्या विषाणूला पेशीत शिरण्याआधी तिला चिकटावं लागतं. पेशीच्या पृष्ठभागावर सायॅलिक अ‍ॅसिड नावाची एक शर्करा असते, तिलाच तो धरतो. ही शर्करा दोन तऱ्हांनी जोडलेली असते. माणसांच्या नेहमीच्या फ्लूला त्यातली एक तऱ्हा सोयीची, पक्ष्यांच्या विषाणूंना दुसरी. आपल्या नाकात, घशात, श्वासनलिकेत पहिली भरपूर. दुसरी मुख्यतः खाली, फुप्फुसांतल्या वायुकोशांच्या पेशींवर. आणि डोळ्यांच्या आवरणावरही.

म्हणून हा विषाणू माणसाला सहजी लागत नाही. पण भरपूर मात्रेत, खोलवर गेला तर थेट न्यूमोनिया. हाँगकाँगमध्ये १९९७ साली एच५एन१ने १८ जण आजारी पडले, त्यांतले ६ दगावले. नेदरलँड्समध्ये २००३ साली एच७एन७ची लागण झालेल्या बहुतेकांचे फक्त डोळे आले, पण एक पशुवैद्य मात्र न्यूमोनियाने गेला.

"माणसातून माणसात पसरत नाही ना, मग झालं तर!" हेही नेहमीचंच वाक्य. अहो, पण का पसरत नाही? एक मोठं कारण हेच, की तो नाकाघशात नीट रुजत नाही. जो विषाणू खोल रुतून बसलाय, तो शिंकेतून फारसा बाहेर पडत नाही. मात्र ही आडकाठी कायमची नाही. मोजक्या जनुकीय बदलांनंतर एच५एन१ फेरेट या प्राण्यांत हवेतून पसरू शकतो, हे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखवलंय. प्रत्येक नवी लागण म्हणजे विषाणूला माणसात सराव करायची आणखी एक संधी.

मग ही संधी मिळते कुठे? शेडमध्ये. भारतातली कोंबड्यांमधली पहिली साथ २००६च्या फेब्रुवारीत आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला सापडली. पांढरे सूट घातलेली पथकं आपण टीव्हीवर पाहिली. पण पथकं येतात निदान झाल्यावर. त्याआधी मेलेली कोंबडी उचलतो शेडवरचा गडी. विष्ठेची, पिसांची धूळ जाते त्याच्या नाकात, डोळ्यांत. दुकानात पिसं उपटणाऱ्या पोराचंही तेच.

आणि आपली चर्चा कशावर? भाव किती पडला आणि रविवारी काय आणायचं! चिकन सुरक्षित आहे हे पटवायला पुढारी कॅमेऱ्यासमोर तंगडी चावतात. मला विचारायचंय ते एवढंच, की त्या गड्याला मास्क आणि चष्मा कोण देणार? ताप आला तर त्याची तपासणी कोण करणार? त्या दिवसाची मजुरी बुडेल म्हणून तो सांगेल तरी का?

तुम्ही खुशाल चिकन खा, मीही खातो. पण पुढच्या वेळी दुकानदाराला "ताजं आहे ना?" विचाराल, तेव्हा "पोराला मास्क का नाही?" हेही विचारा. त्याचं नाक शाबूत, तर आपलं शाबूत.