बाण काढण्याआधी

सशर्त विधानांचा धडा आला की आपण फळ्यावर बाण काढायला लागतो. ‘जर’ दिसले की अमुक बाजूला, ‘तरच’ दिसले की तमुक बाजूला. विद्यार्थी ते पाठ करतात आणि सराव चाचणीत उलटाच पर्याय निवडतात. बाण नेमके काय सांगतो, हेच त्यांना कळलेले नसते.

पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये मांडलेले कोडे प्रत्येक शिक्षकाने वर्गात करून पाहावे. चार पत्ते, प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. समोर ई, के, ४ आणि ७. नियम असा : एका बाजूला स्वर असेल, तर दुसऱ्या बाजूला सम अंक असतो. नियम तपासायला कोणते पत्ते उलटाल? बहुतेक जण ई आणि ४ सांगतात. उत्तर आहे ई आणि ७. ४ च्या मागे काहीही निघाले तरी नियम मोडत नाही. ७ च्या मागे स्वर निघाला, तर मोडतो. पुढे १९८२ मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी फ्लोरिडात हेच कोडे बिअर आणि वयाच्या अटीवर बेतले, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश विद्यार्थ्यांचे उत्तर बरोबर आले. तर्क तोच होता, पण नियम मोडणारा कोण हे आता सहज दिसत होते.

म्हणून पहिला प्रश्न हवा : हे विधान खोटे कधी पडेल? ‘१८ वर्षे पूर्ण असतील तरच मतदान करता येते.’ मतदार यादीत नाव नसलेल्या वीस वर्षांच्या तरुणाला परत पाठवले, तर विधान खोटे ठरत नाही. सतरा वर्षांच्या मुलाने मत दिले, तर ठरते. एवढे उमगले की मतदानाकडून वयाकडे जाणारा बाण विद्यार्थी स्वतःच काढतो. ‘परवानगीशिवाय प्रवेश नाही’ हेही याच वाटेने सुटते.

आणखी एक गोष्ट वर्गात उघडपणे सांगायला हवी. ‘अभ्यास संपवलास तर खेळायला जा’ असे आई म्हणते, तेव्हा ‘नाहीतर नाही’ हेही मूल ऐकते आणि ते बरोबरच ऐकते. परीक्षेत मात्र न लिहिलेला अर्थ धरायचा नसतो. हा फरक कोणी समजावला नाही, तर हुशार मुलेही स्वतःला मठ्ठ समजू लागतात, आणि त्याची जबाबदारी आपली आहे.

या सत्रात पहिल्या दोन तासिका बाणांशिवाय घ्या. प्रत्येक विधानाला ते खोटे पाडणारे एक उदाहरण विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्या.