नांगर टाकला, आणि जबाबदारीही?



उन्हाळा जवळ आला की चँडलरच्या आपल्या मंडळींचे लेक पॉवेलचे बेत सुरू होतात. तीन-चार कुटुंबांनी मिळून हाऊसबोट भाड्याने घ्यायची, किनाऱ्याच्या वाळूत नांगर पुरायचे आणि तीन रात्री बोटीवरच मुक्काम. कूलरमध्ये काय काय असतं ते लिहायला नको. माझा पिण्याला विरोध नाही. वाईन मीही घेते. माझं भांडण आहे ते बेताच्या ई-मेलमध्ये हमखास येणाऱ्या एका वाक्याशी: 'नांगरलेल्या बोटीवर पिणं लीगल आहे, नो टेन्शन!'

अ‍ॅरिझोनाच्या कायद्यापुरतं ते बरोबर आहे. इथे गुन्हा घडायला मोटरबोट 'अंडरवे' असावी लागते, म्हणजे नांगरलेली, किनाऱ्याला बांधलेली किंवा वाळूत रुतलेली नसावी. चालवणाऱ्याच्या रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०८ टक्के. मला हा कायदा पटतो. महाराष्ट्रातला १९४९ चा दारूबंदी कायदा विचारतो, परवाना आहे का? आणि तो परवाना म्हणे आरोग्य राखण्यासाठी! तारकर्लीची हाऊसबोट असो की ठाण्यातला दिवाणखाना, प्रश्न तोच. अ‍ॅरिझोना विचारतं, बोट चालू आहे का? म्हणजे, कुणाला धोका आहे का? प्रौढ माणसांना असंच वागवावं.

पण नांगर सुटणार नाही, याची हमी कायदा देत नाही. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत इथला मान्सून. संध्याकाळी वारा अचानक उठतो, नांगर वाळूतून उपसतो आणि साठ फुटी बोट कड्याकडे सरकायला लागते. त्या क्षणी ती 'अंडरवे' झाली, आणि इंजिनाकडे धावणारा आपला तीन पेग झालेला मित्र कायद्याच्या कचाट्यात. अर्थात ते नंतरचं. आधी बोट वाचायला हवी.

सकाळचं गणितही कुणी करत नाही. शरीर ताशी साधारण ०.०१५ टक्के अल्कोहोल निकालात काढतं. मध्यरात्री ०.१५ वर असलेला माणूस सकाळी सहाला ०.०६ च्या आसपास असतो. 'मस्त झोप झाली' म्हणत तो नांगर काढतो. पॉवेलचा बराच मोठा भाग युटात आहे, आणि युटाची मर्यादा २०१८ च्या अखेरीपासून ०.०५ आहे.

त्याहून वाईट म्हणजे कार्बन मोनॉक्साईड. २००० साली पॉवेलवर दोन लहान भाऊ हाऊसबोटीच्या मागच्या डेकखाली साचलेल्या जनरेटरच्या धुराने गेले. या विषबाधेत डोकं दुखतं, मळमळतं, तोल जातो. पार्टीत अशा माणसाला बघून सगळे काय म्हणतील? 'चढलीय त्याला, झोपू दे.' ओळखायला निदान एक डोकं ताळ्यावर हवं.

यावर ठरलेलं उत्तर: 'अगं, बायका असतातच की शुद्धीवर!' माझा खरा राग इथे आहे. बोट ताब्यात घेताना इंजिन, नांगर, रेडिओ सगळं समजावून सांगतात. तेव्हा पुरुष सुकाणूभोवती घोळका करून उभे, आणि बायका आत किराणा लावतायत, पोरांना लाइफ जॅकेट चढवतायत. म्हणजे ज्यांना बोट चालवता येते ते प्यायलेले, आणि ज्या शुद्धीवर आहेत त्यांना किल्ली कुठे असते हेही दाखवलेलं नाही. मोबाईलला बहुतेक ठिकाणी रेंज नसते. रेडिओवर चॅनेल १६ लावून मदत मागायची, हे त्यांच्यापैकी कितीजणींना कुणी सांगितलंय? आपल्या घरातली जुनीच वाटणी आपण पाण्यावर नेली आहे. आणि तिलाच एखाद्या रात्री दोन ग्लास घ्यावेसे वाटले तर? तिच्या वाटची शुद्ध कोण सांभाळणार, हा प्रश्न या उत्तरात कुणाच्या मनातही येत नाही. (स्वतःला पुरोगामी म्हणवणारे यात मागे नाहीत, बरं का!)

तेव्हा स्वैपाकाच्या पाळ्या लावता तशा याच्याही लावा. रोज रात्री एक नाव, सकाळी बोट हलेपर्यंत एक थेंबही नाही, आणि पाळी स्त्री-पुरुष सगळ्यांना. बोट समजावून सांगताना सगळे प्रौढ हजर. किराणा थांबू शकतो. निघण्यापूर्वी कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म वाजवून बघा. चिकन कोण मॅरिनेट करणार त्या यादीखालीच ही यादी येऊ द्या.

पहिल्या रात्रीसाठी पुरुषांपैकी कोण नाव देतंय?