बेंबीतली गाठ

आत्याला जाऊन आता वर्ष होईल. हे लिहायचं बरेच दिवस टाळत होते.

तिचा हात मोडला तेव्हा आंघोळ घालायला एक बाई यायच्या. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, आत्यांच्या बेंबीत कडक गाठ लागते हो हाताला." मी म्हटलं, "हर्निया असेल." झालं, विषय संपला! आत्याला जेवण जात नव्हतं, तेही मी वयावर ढकललं. दीड महिन्याने डॉक्टरांकडे गेलो. गाठीचा तुकडा तपासला, दुर्बिणीने पोट पाहिलं. जठराचा कॅन्सर... बेंबीपर्यंत पोचलेला.

हा आजार यकृतात पसरतो हे ऐकून होते. पण बेंबीत? मग वाचत सुटले. तो कधी मानेच्या डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडावरच्या खळगीत गाठ होऊन दिसतो, कधी बायकांच्या अंडाशयात. क्रुकेनबर्ग या जर्मन डॉक्टरने १८९६ मध्ये अशा गाठींचं वर्णन केलं, तेव्हा त्यालाही तो अंडाशयाचाच रोग वाटला होता.

बेंबीतल्या गाठीला मात्र एका नर्सचं नाव आहे. सिस्टर मेरी जोसेफ, अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमधल्या. ऑपरेशनआधी रुग्णाचं पोट स्वच्छ करताना त्यांच्या लक्षात आलं की बेंबीत अशी गाठ असली की आत कॅन्सर पसरलेला निघतो. सर्जन विल्यम मेयो यांनी ते ऐकून घेतलं आणि १९२८ मध्ये त्यावर लिहिलं. सिस्टर १९३९ मध्ये गेल्या. गाठीला त्यांचं नाव मिळालं ते १९४९ मध्ये.

तिथे नर्सने सांगितलं आणि सर्जनने ऐकलं. इथे बाईंनी सांगितलं आणि मी, चांगली शिकलेली, ऐकलं नाही.

डॉक्टर म्हणाले, दीड महिन्याने आजारात फार फरक पडला नसता. असेलही. पण ते दिवस आत्याचे होते. काय करायचं, कुणाला भेटायचं, हे तिने ठरवलं असतं. शिवाय पोटदुखीवर औषध तरी वेळेवर मिळालं असतं.

प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते, उगीच घाबरू नका. पण माझं मत आता पक्कं आहे. आजाऱ्याला आंघोळ घालणारा, कपडे बदलणारा हात जे सांगतो, ते रिपोर्टइतकंच गंभीरपणे घ्यावं. त्यावर आपण घरबसल्या निदान करू नये, डॉक्टरांना दाखवावं.

बाईंना परवा भेटून आले. "तुमचं खरं होतं," एवढंच म्हणता आलं.