पुंगळीचं बूड

वस्तूंची बखर

गेल्या रविवारी शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीत एका घरी गेलो होतो. गावाच्या नावातच फौज आहे, त्यामुळे तिथं घरोघरी काही ना काही निघतं. कुठं हिरवी ट्रंक, कुठं पितळी बिल्ला, कुठं घड्या पडून चिरलेला डिस्चार्जचा कागद. या घरातल्या आजींनी देव्हाऱ्याखालच्या फळीवरून इटली स्टार हे पदक काढलं आणि त्याच्या शेजारची बोटभर लांबीची एक पितळी पुंगळी माझ्या तळहातावर ठेवली.

"आमच्या मामंजींनी इटलीतनं आणलीया ही. मराठा पलटणीत हुते त्ये."

पुंगळी हातात आली की लोक तिचं तोंड बघतात. पाहायचं असतं ते बूड. मी ती खिडकीपाशी नेली. समोरून पडलेल्या उजेडात पितळ नुसतं चमकतं, अक्षरं दिसत नाहीत. उजेड आडवा पडावा लागतो. घरातल्या नातीच्या दप्तरातला खडू मागून घेतला, बुडावर घासला आणि वरवर पुसला. चौदा मिलिमीटरच्या त्या चकतीवर अक्षरं पांढरी उमटली. मध्ये टोपी, टोपीवर फायरिंग पिनेचा खोल टोचा. कडेनं इंग्रजी 'के', मग एक बाण, मग 'एफ'. त्यांच्याखाली ४२ आणि रोमन लिपीतला सात.

बाण ही ब्रिटिश सरकारच्या मालकीची खूण. ४२ म्हणजे १९४२. रोमन सात म्हणजे .३०३ काडतुसाचा सातवा नमुना, १९१० साली ठरलेला, टोकदार गोळीचा. आणि 'के एफ' म्हणजे किरकी फॅक्टरी. आपली खडकी. पुण्याजवळचा १८६९ साली उभा राहिलेला दारूगोळा कारखाना.

आजींचा मुलगा माझ्या खांद्यावरून पाहत होता. त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे इटलीची न्हाईच?"

हा प्रश्न मला दरवेळी भेटतो आणि दरवेळी मनाला लागतो. माणसं शिक्का वाचून घेताना घाबरतात. आजोबांची गोष्ट खोटी ठरेल, अशी धास्ती असते. पण शिक्का जन्म सांगतो, प्रवास सांगत नाही. चौथी, आठवी आणि दहावी या भारतीय डिव्हिजन इटलीत लढल्या, त्या आधी उत्तर आफ्रिका आणि मध्यपूर्वेत होत्या. खडकीचं काडतूस त्या वाटेनं इटलीपर्यंत जाऊ शकतं. किंवा मामंजींनी ते बेळगावच्या रेंजवर झाडलेलं असेल आणि खिशात टाकलेलं असेल. यातलं कुठलं खरं ते ही पुंगळी सांगणार नाही. ती एवढंच ठामपणे सांगते की मी १९४२ च्या आधीची नाही. कुणी हीच पुंगळी दाखवून "पणजोबांनी कूतच्या वेढ्यातनं आणली" म्हणालं असतं, तर मात्र नाही म्हणावं लागलं असतं. कूत पडलं ते पहिल्या महायुद्धात, १९१६ साली.

मी त्या मुलाला म्हटलं, दादा, इटली यातून गेली नाही. खडकी नवीन आली.

या दोन अक्षरांमागची माणसं आपण कधी पाहिलीच नाहीत, ही माझी खंत आहे. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. काडतुसावर बनवणाऱ्याचं नाव नसतं, नुसता कारखाना असतो. तरी ती पुंगळी हातानं घडलेली आहे. आधी पितळेच्या पत्र्याची वाटी. ती वाटी साच्यातून दाबून ओढायची, की ती लांब आणि पातळ होते. दर ओढीला पितळ ताठरतं, म्हणून तापवून मऊ करायचं, पुन्हा ओढायचं. शेवटी बूड ठोकून त्याला कडा काढायची, आणि त्याच ठोक्यात साच्यावरची उलटी अक्षरं पितळात सुलटी उमटतात. आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात प्रेसवर उभ्या राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. शिरोलीच्या फाउंड्रीत कास्टिंगवर अक्षरं आणि हीट नंबर का असतो, हेही त्याला ठाऊक असतं. माल पुढं फुटला, तडकला, तर कुणाच्या भट्टीचा, कुठल्या दिवशीचा, हे परत येऊन विचारता आलं पाहिजे. काडतुसाच्या बुडावरची अक्षरं याचसाठी. मोर्च्यावर काडतूस फुसकं निघालं तर माणूस मरतो, म्हणून तिथं जाब विचारण्याची सोय पितळातच ठोकून ठेवलेली असते.

नंबराचं महत्त्व किती, याची एक हकिगत सांगतो. १९१४ च्या शरद ऋतूत भारतीय फौज फ्रान्समध्ये मार्सेल्सच्या बंदरावर उतरली. तिच्यात खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या कंपन्याही होत्या. या फौजेच्या बंदुका जुन्या सहाव्या नमुन्याच्या काडतुसासाठी लावलेल्या. युरोपात मिळणार होतं सातव्या नमुन्याचं. सातव्याची गोळी हलकी, वेगवान. तिचा मार्गच वेगळा, त्यामुळे नेमपट्टीवरचे आकडे वेगळे. म्हणून बंदरावरच जुन्या बंदुका जमा करून नव्या हातात दिल्या गेल्या. वर्षानुवर्षं सवयीची झालेली बंदूक सोडून, अनोळखी देशात, अनोळखी बंदूक घेऊन ही माणसं काही आठवड्यांत खंदकात उतरली. २८ ऑक्टोबरला नव्ह शापेलच्या लढाईत बॉम्बे सॅपर्सच्या विसाव्या आणि एकविसाव्या कंपनीची दाणादाण उडाली. पुंगळीच्या बुडावर रोमन सहा आहे की सात, हे पाहताना मला ते बंदर आठवतं.

बंदुकीची भाषा थोडी निराळी. ती मी कॉलेजात, एनसीसीत शिकलो. परेडला मिळालेल्या बंदुकीवर, दस्ता जिथं लोखंडात बसतो त्या कड्याच्या उजव्या अंगाला, ग्रीसखाली काहीतरी कोरलेलं बोटाला लागायचं. एकदा विश्रामच्या वेळी रुमालानं पुसून पाहिलं. वर मुकुट. खाली 'जी आर आय'. त्याखाली इंग्रजीत 'इशापूर', वर्ष १९४३, आणि रोमन तीन, पुढं एक चांदणी. आमच्या उस्तादांना विचारलं तर ते म्हणाले, "कंपनीचं नाव असतंय, गप उभा राहा." ते चूक नव्हते. पण त्या चार ओळींत केवढं सामावलं होतं, ते पुढं कळलं.

इशापूर म्हणजे बंगालमधला रायफल कारखाना. 'जी आर' म्हणजे जॉर्ज राजा, आणि शेवटचा 'आय' म्हणजे सम्राट, आपल्यावरचा. इंग्लंडात घडलेल्या त्याच बंदुकीवर नुसतं 'जी आर' असतं आणि कारखाना एन्फील्ड किंवा बी. एस. ए. एका अक्षरात गुलामीची नोंद आहे. स्वातंत्र्यानंतरच्या इशापूरच्या बंदुकीवर मुकुट गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले. तीनपुढची चांदणी ही युद्धाची काटकसर. पहिल्या महायुद्धात बंदुका भराभर हव्या होत्या, म्हणून काही भाग गाळून १९१६ साली सोपा नमुना मंजूर झाला, त्याची ती खूण. मॅगझिनच्या पुढं लाकडात आडवा गेलेला एक स्क्रू दिसला, तर तो आपल्याकडे घातलेला. लाकूड फाटू नये म्हणून इथल्या कारागिरांनी केलेली मजबुती. आणि आमच्या बंदुकीवर नंतर ठोकलेली 'डी पी' ही अक्षरं म्हणजे ड्रिल परपज, कवायतीपुरती. तिनं गोळी झाडायची नाही. आधी सैन्यात, मग कवायतीच्या मैदानावर, असं तिचं सारं आयुष्य त्या कड्याभोवती लिहिलेलं होतं आणि आम्ही ती खांद्यावर घेऊन उन्हात उभे होतो.

दुसऱ्या महायुद्धात कारखाना कुठं आहे हे शत्रूला कळू नये म्हणून बऱ्याच ठिकाणी नावं लपवली गेली. बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. कारखान्यावर नोव्हेंबर १९४० मध्ये बॉम्ब पडले आणि ५३ कामगार गेले. विलायती मालावर कारखान्याच्या नावाऐवजी अक्षर आणि आकडा येऊ लागला. 'एम ४७ सी' दिसलं तर ते बी. एस. ए.; 'एम' म्हणजे इंग्लंडचा मधला भाग. जर्मनांनीही तेच केलं. त्यांच्या बंदुकीवर 'बी वाय एफ' असलं तर ती ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्याची. यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला आणि नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ ला इटलीत ज्यांच्यासमोर उभे ठाकले, त्यांच्या हातातल्या बंदुकांवर अशी गुप्त अक्षरं होती. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडग्यांना मरणोत्तर. आपल्या इशापूरनं नाव मात्र उघडंच ठेवलं.

चुकीच्या वाचनाचीही उदाहरणं पुष्कळ. 'यू एस प्रॉपर्टी' ठोकलेली बंदूक अमेरिकन सैन्याची, असं हमखास सांगितलं जातं. ती अमेरिकेत सॅव्हेज कंपनीनं घडवली खरी, पण ब्रिटिशांना उसनवारीच्या करारात देण्यासाठी. अमेरिकन शिपायाची ती बंदूकच नव्हे.

माझं म्हणणं नेमकं या आठवड्यात मांडतोय, कारण खंडेनवमी तोंडावर आली आहे. कोल्हापुरात हा सण किती जिव्हाळ्याचा, हे मी सांगायला नको. तलवारी, भाले, अडकित्ते, पान्हे, सगळं बाहेर निघेल. चिंच, राख, पितांबरी निघेल. आमच्याही घरी आजोबांची एक पुंगळी होती. दहा-बारा वर्षांचा असल्यापासून ती घासण्याचा मान माझा. टोपीभोवती एक जांभळी रेघ होती, बारीक. मला ती डाग वाटायची. दोन वर्षांत ती मी चिंचेनं साफ घालवली. ती रेघ म्हणजे कारखान्यानं लावलेला लाखेचा रंग होता: जांभळा साध्या गोळीचा, लाल उजेड दाखवत जाणाऱ्या ट्रेसरचा, हिरवा चिलखत भेदणाऱ्या गोळीचा, निळा पेटवणाऱ्या गोळीचा. पुढं अक्षरांच्या कडाही बोथटल्या. आज त्या बुडावर 'एफ' लागतो, वर्षातला पहिला आकडा लागतो, दुसरा लागत नाही. आजोबा राहिले नाहीत. तो आकडा सांगणारं आता कुणी नाही.

म्हणून हात जोडून विनंती आहे. पूजा करा, हळदकुंकू वाहा, झेंडू ठेवा, पण घासू नका. कोरड्या सुती कापडानं पुसा, बस्स. बुडावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवा, ठसा कागदावर येतो. आडव्या उजेडात फोटो काढा. त्याच कागदावर घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेली गोष्ट लिहा, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख घाला. गोष्ट शिक्क्याशी जुळत नसली तरी जशीच्या तशी लिहा. आणि टोपीवर टोचा नसेल, पुढं गोळी बसलेली असेल, तर ते जिवंत काडतूस आहे. त्याला हात लावू नका, खडूही नको, पोलीस ठाण्यात कळवा. परवान्याशिवाय ते घरात ठेवणं गुन्हा आहे, आणि ऐंशी वर्षांच्या दारूवर भरवसा ठेवता येत नाही.

वस्तुसंग्रहालयांकडूनही माझी मागणी आहे. एका ठिकाणी काचेआड तीन बंदुका पाहिल्या, तिन्हींखाली एकच पाटी: 'महायुद्धातील बंदूक'. कुठलं महायुद्ध, कुठला कारखाना, कुठलं साल? बंदूक तर स्वतःच सांगत होती, पण कड्याची उजवी बाजू भिंतीकडे होती. आपल्या टाउन हॉलच्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली समुद्रदेव पोसायडनची रोमन मूर्ती आहे. तिच्यावर बनवणाऱ्याची मोहोर नाही. ती कुठून आली हे ठरवायला विद्वानांना तिची घडण, तिचा धातू, तिच्यासोबतच्या वस्तू तपासाव्या लागल्या. ते उत्खनन झालं १९४५ च्या आसपास. म्हणजे आपली पोरं इटलीहून परतत होती त्याच सुमारास इटलीकडून आलेल्या वस्तू पंचगंगेच्या काठी मातीतून वर येत होत्या. मूर्तीसाठी एवढे कष्ट घेतले जातात, मग ज्या वस्तूवर नाव आणि साल ठोकून दिलेलं आहे, ती किमान फिरवून तरी ठेवावी.

सैनिक टाकळीच्या त्या घरात निघताना मी पेन्सिलीनं ठसा घेतला आणि कागद आजींच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला. "ही अक्षरं कोण ठोकत हुतं म्हणालास? पुन्याची मानसं?"

"होय आजी. खडकीची."

त्यांनी मुलाला आतून पदकाची डबी आणायला लावली. कागदाची चौपट घडी घातली, डबीच्या तळाशी बसवली, त्यावर पदक ठेवलं. पुंगळी मात्र त्यांनी पदरानं पुसायला घेतली, आणि मधेच थांबून, खडूसकट तशीच फळीवर ठेवली.

– करवीरकर